चेंबरचा नट गळतोय? आधी पाना खाली ठेवा

पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो. गाडी गॅरेजात जाते, पोरगा खाली शिरतो, ड्रेन नट (इंजिनाखालच्या ऑइलच्या टबाचा, म्हणजे चेंबरचा, ऑइल काढायचा नट) अर्धा आटा आवळतो आणि "झालं" म्हणून हात पुसतो. चार दिवस कोरडं राहतं, पाचव्या दिवशी डाग परत. पुन्हा आवळणं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाना हलका फिरतो, म्हणजे आटे गेले. वीस-तीस रुपयांच्या वायसरचं काम मग हजारोंच्या चेंबरवर येऊन थांबतं.

नटाचे आटे ऑइल अडवत नाहीत. ते नटाला फक्त जागेवर धरतात. ऑइल अडवतो तो नट आणि चेंबर यांच्यामध्ये चेपलेला वायसर. तो एकदा कडक झाला, चिरला किंवा वाकडा बसला, की वर कितीही जोर लावा, तो जोर आट्यांनाच बसतो. म्हणून गळती दिसली की हात पान्याकडे जाऊ देऊ नका. खालचा क्रमही मोडू नका, कारण पहिली पायरी गाळणारेच बहुतेक फसतात.

## १. गळती खरंच नटाची आहे का?

ड्रेन नट इंजिनाच्या सर्वांत खालच्या भागात असतो. वर कुठेही ऑइल सुटलं की ते ओघळून तिथेच येतं आणि थेंब नटाच्या टोकावरून पडतो. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचं पुढचं किंवा मागचं सील, चेंबरचा स्वतःचा जोड, यांतलं काहीही असू शकतं. जुन्या गाडीत दोन ठिकाणी एकदम गळती असणंही नवलाचं नाही. खाली प्लास्टिकचं कव्हर किंवा लोखंडी इंजिन गार्ड असेल तर ते आधी काढा. ऑइल त्यात साठतं आणि भलत्याच कोपऱ्यातून पडतं.

तपासणी अशी करा:

१. चेंबर आणि नटाच्या आसपासचा भाग ब्रेक क्लीनरने धुवा. तो नसेल तर केरोसीनचं फडकं चालेल, पण शेवटी कोरड्या कापडाने पुसून भाग पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात ओल्या चेंबरवर काहीच कळत नाही.

२. नटाभोवती आणि त्याच्या वर वीतभर भागावर टाल्कम पावडर भुरभुरवा. कापसाने थापलीत की पातळ थर बसतो.

३. गाडी न चालवता रात्रभर उभी ठेवा. सकाळी टॉर्च लावून बघा.

४. मग पंधरा-वीस मिनिटांची फेरी मारा. नवी मुंबईत वाशी ते बेलापूर पामबीच रोडने एक चक्कर पुरते. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं खरं, पण खड्ड्यातलं पाणी उडून पावडर धुतली जाते. परत येऊन पुन्हा बघा.

चेंबरमधल्या ऑइलला दाब नसतो, ते नुसतं साठलेलं असतं. नट सतत त्या ऑइलात बुडालेला असल्यामुळे वायसर गेला असेल तर गाडी उभी असतानाही थेंब येतो. फिल्टर किंवा प्रेशर स्विच मात्र पंपाच्या दाबावर असतात, त्यांची गळती मुख्यतः इंजिन चालू असताना होते. रात्रभर उभ्या गाडीत नटाच्या कडेभोवती पावडर काळी ओली झाली आणि वरचा भाग पांढराच राहिला, तर दोष नटाचा. रात्री कोरडं आणि फेरीनंतर वरून ओघळ आलेला दिसला, तर नटाला हात लावू नका, वर शोधा.

> पडताळा: थेंब बोटावर घेऊन वास घ्या. इंजिन ऑइल काळपट तपकिरी असतं. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे, म्हणजे गळतोय तो गिअरबॉक्सचा नट.

हा गोंधळ फार होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींना खाली नट असतो. घाईत गिअरबॉक्सचं ऑइल काढायचं आणि वरून इंजिनात नवीन ऑइल भरायचं, म्हणजे इंजिन काठोकाठ आणि गिअरबॉक्स कोरडा. अशी गाडी फार दूर नीट जात नाही. चेंबर म्हणजे इंजिनाखालचा पातळ पत्र्याचा किंवा अॅल्युमिनियमचा टब. गिअरबॉक्स जाड ओतीव धातूचा, बाहेरून उभ्या-आडव्या कण्यांचा. डिपस्टिकची (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीची) नळी कुठे उतरते ते बघितलं तरी उलगडा होतो.

## २. जमवाजमव

नट उघडल्यावर कोणी दुकानात धावायचं नाही. सगळं आधी हाताशी हवं.

नटाचं माप. मारुती, ह्युंदाई आणि होंडाच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १७ मिमीचा पाना आणि एम१४ × १.५ चे आटे (व्यास १४ मिमी, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) असतात. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांना १४ मिमीचा पाना आणि एम१२ × १.२५. जुन्या गाडीत मात्र मधल्या कुणी काय बसवलंय याचा भरवसा नसतो, म्हणून पाना आधी लावून बघा.

वायसर दोन घ्या. एक बसवायला, एक पडला-हरवला तर. दुकानात गाडीचं नाव, वर्ष आणि इंजिन सांगा. नुसतं "चौदाचा वायसर" म्हणालात तर हातात येईल तो मिळेल. आतलं छिद्र नटाच्या आट्यांवरून जेमतेम सरकलं पाहिजे. सैल वायसर एका बाजूला सरकून बसतो आणि पहिल्याच दिवशी गळतो. तांब्याचा, अॅल्युमिनियमचा, फायबरचा किंवा स्टीलला रबर चिकटवलेला, असे प्रकार येतात. कंपनीने जो दिलाय तोच घ्या. "तांब्याचा भारी असतो" म्हणून अॅल्युमिनियमच्या जागी कडक तांबं घातलं तर ते बसायला जास्त जोर लागतो, आणि मूळ दुखणं तर जास्त जोराचंच आहे.

नवीन नट आणलेला बरा. जुन्या गाडीच्या नटाची डोकी झिजलेली असतात आणि नवीन नट महाग नसतो.

बाकीचं सामान: सहा कोनी गोटी पाना (सॉकेट), टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा; विकत नको, भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजातून चालेल), जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायला लाकडी ठोकळे, ५ लिटरची स्वच्छ पसरट परात किंवा टब, नायट्राइलचे हातमोजे, चिंध्या, ब्रेक क्लीनर, टॉर्च आणि नवीन ऑइल. लहान पेट्रोल गाड्यांत फिल्टरसकट साधारण ३ लिटर लागतं, १५०० सीसीच्या सेडानमध्ये साडेतीन ते चार. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. फिल्टर बदलायची वेळ झाली असेल तर तोही याच वेळी उरका.

ऑइल नुकतंच बदललं असेल तर ते फेकायची गरज नाही. टब साबणाने धुऊन पूर्ण सुकवा, त्यात ऑइल घ्या आणि बारीक जाळीच्या गाळणीतून परत भरा. कापडातून गाळू नका, दोरे सुटतात.

## ३. गाडी उचलणं

हे काम सपाट काँक्रीटवर करा. सोसायटीच्या पोडियमचा उतार किंवा बेसमेंटचा रॅम्प चालणार नाही. पेव्हर ब्लॉकवर जॅकचा पाय खचतो, म्हणून खाली १८ मिमीच्या प्लायचा फूटभर तुकडा घाला. पार्किंगमध्ये दुरुस्तीला कमिटीची हरकत नाही ना, हे सेक्रेटरीला आधी विचारून घेतलेलं बरं.

हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढून उचला, स्टँड लावा, गाडी स्टँडवर टेकवा, आणि बाजूने हाताने ढकलून बघा. हलली तर पुन्हा लावा.

> इशारा: फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक स्टँड म्हणून चालत नाहीत. ते आधी न चिरता एकदम फुटतात.

## ४. नट काढणं

गाडी उचलण्याआधीच इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. शेजारचा सायलेन्सर पाइप मात्र तेवढ्या वेळातही भाजतो.

वरचं ऑइलचं झाकण उघडा आणि डिपस्टिक अर्धी वर ओढा, म्हणजे ऑइल गळगळ न करता सरळ धारेने उतरतं.

गोटी पाना नटावर पूर्ण बसल्याची खात्री करा आणि एकच दमदार झटका द्या. फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना लावू नका. तो दोनच कडांना धरतो आणि झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. नट डावीकडे सुटतो, पण गाडीखाली उताणं पडल्यावर दिशा उलटी भासते आणि पुष्कळजण सोडवायच्या नादात आवळतात. शंका असेल तर उठून बसा, नवा नट डब्यातून काढा आणि बोटांनी फिरवून दिशा बघून घ्या.

सैल झाल्यावर पुढचं काम बोटांनी. शेवटचे दोन आटे राहिले की नट वरच्या दिशेने दाबून धरत फिरवा आणि मग झटक्यात बाजूला घ्या. धार आधी हातभर लांब उडते, नंतर जवळ येते. टब त्याप्रमाणे सरकवत राहा.

नट बोटांनी फिरवताना कसा वाटतो त्याकडे नीट लक्ष द्या. शेवटपर्यंत एकसारखा मऊ फिरला तर आटे ठीक. मध्येच अडला, कुरकुरला, किंवा सुटून येताना धातूची चकचकीत तार सोबत आली, तर आटे दुखावलेत.

## ५. चार जागा बघा

ऑइल निथळेपर्यंत वीस मिनिटं मिळतात. ती इथे घाला.

वायसर. नटावर नसेल तर चेंबरला चिकटलेला असतो. तो न दिसल्यामुळे त्यावरच नवा बसवला जातो. दोन वायसर एकावर एक म्हणजे हमखास गळती. चेंबरच्या छिद्राभोवती नख फिरवा, कंगोरा लागला तर जुना वायसर तिथेच आहे. प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा. स्क्रू-ड्रायव्हर लावलात तर धातूवर चरा उठेल, आणि तोच चरा पुढच्या गळतीची वाट होईल.

नटाचा बसका भाग. काचेवर ठेवून बघा. डोकं वाकलं असेल तर एका बाजूने फट दिसते. असा नट फेकून द्या.

चेंबरचा तळ. गाडी स्पीडब्रेकरला घासलेली असेल तर छिद्राभोवतीचा पत्रा आत दबलेला असतो. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या पत्र्याच्या चेंबरला गंजही लागतो. टोकदार काहीतरी हळूच टोचून बघा. पापुद्रे सुटले तर वायसर बदलून उपयोग नाही, चेंबरच बदलावं लागेल. फ्रिजला लावायचं मॅग्नेट चिकटलं तर चेंबर लोखंडी पत्र्याचं, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमचं. पुढे हे लागणार आहे.

आटे. नवा नट वायसर न लावता बोटांनी बसवा. पूर्ण आत गेला, डुगडुगला नाही, तर आटे वाचलेत.

> पडताळा: नट बोटांनी पूर्ण जात नसेल तर पुढे जाऊ नका. सरळ आठव्या पायरीवर या.

## ६. नवा वायसर, नवा नट

छिद्राभोवतीचा भाग ब्रेक क्लीनर लावलेल्या चिंधीने पुसा, स्प्रे छिद्रात मारू नका. वायसरला एक बाजू सपाट आणि दुसरी गोलसर असेल, तर जुना ज्या बाजूने होता तसाच बसवा. फायबरचा, अॅल्युमिनियमचा आणि रबरचा वायसर पुन्हा वापरायचा नसतो. तांब्याचा मात्र अडचणीत वापरता येतो: पकडीत धरून गॅसच्या ज्वाळेवर मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, वरची काळी पापुद्री बारीक पॉलिश पेपरने घासा. तापवल्याने तांबं पुन्हा मऊ होतं आणि चेपलं जातं.

आता नट बोटांनीच शेवटपर्यंत. पाना आधीच लावला तर वाकडा शिरलेला नट कळत नाही आणि अॅल्युमिनियमचे आटे दोन फेऱ्यांत कापले जातात.

मग टॉर्क पाना. मारुतीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३५ न्यूटन-मीटर, होंडा आणि टोयोटाला ४० च्या आसपास, ह्युंदाईला ३५ ते ४५. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघूनच लावा. हे किती कमी आहे ते हिशेबाने कळतं. २५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला १४ किलोचा जोर दिला की ३५ न्यूटन-मीटर झाले, म्हणजे मनगट आणि कोपर पुरे, खांदा नको. त्याच पान्याला पाइप घालून ६० सेंटीमीटरवर ३० किलोचा जोर लावला तर १८० होतात, पाचपट. गॅरेजांतून आटे जातात ते असे.

> इशारा: आट्यांना टेफ्लॉन टेप, शेलॅक, एम-सील किंवा फेव्हिक्विक लावू नका. टेपचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकतात. बाहेरून थापलेलं एम-सील गरम ऑइलात फार दिवस टिकत नाही, आणि पुढच्या वेळी नट काढताना छिन्नी लागते.

## ७. ऑइल भरा, पण एकदम नाही

गाडी जमिनीवर टेकवा. लागणाऱ्या ऑइलपैकी अर्धा लिटर बाजूला ठेवून बाकीचं भरा. इंजिन सुरू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद करा. मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून बघा. मग थोडं-थोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. जास्त भरलं तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो.

चेंबर पुन्हा पुसा, पावडर लावा. तपासणी तीनदा: लगेच, पहिल्या फेरीनंतर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवा. जुनं सांडलेलं ऑइल गार्डच्या फटींतून दोन दिवस गळत राहतं, त्याला घाबरून नट पुन्हा आवळू नका. नटाभोवतीची पावडर कोरडी असेल तर काम झालंय. स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावर गाडी लावत असाल तर हे दोन दिवस ती खाली लावा, नाहीतर पुठ्ठ्याचं काम खालच्या शेजाऱ्याचं बोनेट करेल.

काम लांबणीवर टाकायचं असेल तर निदान डिपस्टिक आठवड्यातून दोनदा बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराचं अंतर असतं. ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत तो पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. पेटतो तेव्हा बेअरिंगला झळ लागायला सुरुवात झालेली असते.

## ८. आटे गेले असतील तर

पहिले एक-दोन आटेच चेमटले असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात. टॅप एम१४ × १.५ चाच हवा. गॅरेजात १४ चा जो टॅप पटकन सापडतो तो बहुधा स्पार्क प्लगचा, म्हणजे एम१४ × १.२५ चा असतो. तो जोराने शिरतो, पण वाटेतले चांगले आटेही कापून टाकतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस त्यात अडकतो. अर्धा आटा पुढे, पाव मागे असं हाताने फिरवा. नंतर वरून २००-३०० मिलि स्वस्तातलं ऑइल ओतून खालून वाहू द्या, उरलेला कीस धुऊन निघतो.

सगळे आटे गेले असतील तर मॅग्नेट काय म्हणालं ते आठवा.

लोखंडी पत्र्याच्या चेंबरला आतून नट वेल्ड केलेला असतो. स्वतः आटे पाडत जाणारा ओव्हरसाइज नट तिथे तात्पुरता चालतो, पण तो सरळ रेषेत शिरला पाहिजे, आणि दर ऑइल बदलाला काढला-घातला की तोही सैल होतो. पक्कं काम म्हणजे चेंबर उतरवून आतला नट नवा वेल्ड करून घेणं. चेंबर गाडीवर असताना वेल्डिंग कुणालाही करू देऊ नका, आत ऑइलची वाफ असते.

अॅल्युमिनियमला ओव्हरसाइज नट नको. तो फाकवत जातो आणि छिद्राशी तडा पडतो. चेंबर काढून टर्नरकडे न्या. वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भे एमआयडीसीत लेथवाले आहेत. त्यांना सांगायचं ते असं: छिद्र मोठं करून बाहेरून आटे असलेली कॉलरची स्टील बुश (आतून-बाहेरून आट्यांची नळी) बसवा, आतले आटे एम१४ × १.५, आणि तळ बुशसकट एका पातळीत सपाट करून द्या. तारेची हेलीकॉइलही बसते, पण तारेच्या वेटोळ्यातून ऑइल झिरपायची शक्यता उरते. वायसर वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेपलीकडे टेकला तरच ती चालते. गाडीखाली पडून ड्रिल मारायला कुणी तयार झाला तर नको म्हणा. कीस थेट चेंबरात पडतो.

चेंबर परत बसवताना दोन्ही कडांवरचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा. नव्या सिलिकॉनची तीन मिमीची अखंड रेघ, बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं की ते आत फुगतं, सुटतं आणि जाळीवर बसतं. बारीक बोल्ट मधून कडांकडे, आडवे-तिरपे, दोन फेऱ्यांत आवळा. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत ऑइल भरू नका.

## ९. काढलेलं ऑइल

झाकणाच्या कॅनमध्ये भरा, पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका, आणि ज्या गॅरेजातून वापरलेलं ऑइल अधिकृत रिसायकलरकडे जातं तिथे द्या. कायद्याने तो घातक कचरा आहे. नाल्यात ओतलं तर ते ठाण्याच्या खाडीत जातं. ऑइल भिजलेल्या चिंध्या बंद पिशवीत वेगळ्या ठेवा. पेव्हर ब्लॉकवरच्या डागावर लाकडाचा भुसा किंवा सुकी माती टाकून रात्रभर ठेवा, मग झाडून घ्या. आधी पाणी मारलंत तर डाग पसरेल.